ओल्गाआत्या कितपत हलते?

आर्विदने माशाच्या वड्यांची तारीफ केली आणि योरूनने दचकून वर बघितलं.

"छान झाल्यात," तो म्हणाला. बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? "कांद्याच्या सॉसलाही चव आहे."

योरूनने काटा खाली ठेवला. लग्नाला तीसेक वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिच्या स्वयंपाकाबद्दल आर्विदने मत दिलं होतं ते ताट पुढे करून. नॉर्वेतल्या त्यांच्या कार्मोय बेटावर याला कोणी नावं ठेवत नाही. नवऱ्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं की बायकोने ते प्रेम समजायचं, आणि तिसऱ्यांदा घेतलं तर शेजारणीला सांगायचं. तोंडाने स्तुती करणं हे इथे भर रस्त्यात सदरा काढून फिरण्यासारखं आहे. माणूस आजारी असेल तरच करतो.

"काय झालं?" योरूनने विचारलं.

"कुठे काय?"

"आज ओल्गाआत्याकडे गेला होतास ना?"

"हं."

"मग?"

"थोडी हलत होती." आर्विदने बटाटा कुस्करला, जरा विचार केला आणि म्हणाला, "तुझी आई कशी आहे? बरेच दिवसांत गेलो नाही आपण तिच्याकडे."

आता मात्र योरूनने ताट बाजूला सारलं.

ओल्गाआत्या म्हणजे कोणी म्हातारी नव्हे. कार्मोयच्या पश्चिमेला, धुकं नसेल तरच दिसाव्यात इतक्या दूर, उघड्या समुद्रात पवनचक्क्या आहेत. त्या रोवलेल्या नाहीत, तरंगतात. पाणी इतकं खोल आहे की खांब रोवायची सोयच नाही. म्हणून एक पोकळ लोखंडी बुंधा पाण्यात उभा तरंगत ठेवलेला, त्याच्या डोक्यावर चक्की, आणि खाली समुद्राच्या तळाशी नांगर टाकून तीन साखळदंडांनी तो बांधलेला. मारक्या बैलाला एक दावं पुरत नाही म्हणून तीन लावावीत, तसं. कंपनीने या मनोऱ्यांना अक्षरं आणि आकडे दिले होते. खलाशांना ते काही लक्षात राहिनात, म्हणून त्यांनी एकेकीला आपापल्या आत्या-मावशीचं नाव देऊन टाकलं. सगळ्यांत बाहेरची, नैर्ऋत्येला तोंड करून एकटी उभी असलेली, ती ओल्गा. त्यांच्यातल्या लेदुल्फची खरी ओल्गाआत्या जन्मभर एका जागी स्वस्थ बसली नव्हती, तेव्हा नाव शोभत होतं.

यातली कोणती आत्या कुठल्या वादळात कुठे मोडेल याचा अंदाज बांधणं हे योरूनचं काम. बर्गनला शिकून आलेली इंजिनियर बाई, बेटावरच्या ओक्रेहाम्न गावच्या धक्क्यावर मासळीच्या जुन्या गोदामाच्या माडीवर तिचं ऑफिस. साखळदंडाच्या कड्या किती झिजल्या असतील, वीज वाहून आणणारी केबल किती वाकेल, पाती थांबवून ठेवली तरी वारा किती रेटेल, पन्नास वर्षांतून एकदा येणारी लाट येत्या गुरुवारीच आली तर काय, असल्या प्रश्नांना घेऊन ती दिवसभर बसे. काय काम करतेस असं कोणी विचारलं तर म्हणे, "काळजी करते. पगारी."

पण काळजी करायलासुद्धा काहीतरी आधार लागतो. समुद्रात एक तरंगता बोया सोडलेला होता, तो वारा आणि लाटा मोजून इमानदारीने कळवत असे. मात्र मनोऱ्यांना त्या लाटांचं काय वाटतं हे बोया कसं सांगणार? त्यासाठी साखळदंडांवर ताण मोजणारी यंत्रं बसवली होती. ती दुसऱ्याच हिवाळ्यात मेली. खारं पाणी कोणाची भीड ठेवत नाही. मग उरली ती बोटीवरची माणसं. वादळ ओसरलं की आर्विद आपली बोट घेऊन निघे, लेदुल्फ आणि एन्द्रे हे दोघे कारागीर मनोऱ्याच्या शिडीवर चढत, काय मोडलं काय सैल झालं ते बघत, आणि परत आल्यावर खेपेची नोंद लिहीत.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. कार्मोयचा माणूस समुद्राबद्दल तक्रार करत नाही. योरूनचे आजोबा हेरिंग माशांच्या हंगामात बोट गमावून एका फळीवर बसून परत आले होते. आजीला म्हणाले, "पाय जरा ओले झालेत." इथला वारा नेहमी 'थोडा' असतो. कोणाचं छप्पर उडून गेलं तर 'बऱ्यापैकी' असतो. त्याच्या पुढचा शब्द बेटावर कोणी ऐकलेला नाही, कारण ज्यांना तो वापरावा लागला असता ते परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी योरूनने आदल्या खेपेच्या नोंदी काढून वाचल्या. आर्विदने लिहिलं होतं, 'ओल्गा. थोडी हालचाल.' लेदुल्फने लिहिलं होतं, 'आर्विदने लिहिल्याप्रमाणे.' सगळ्यांत धाकट्या एन्द्रेने जरा सविस्तर लिहिलं होतं: 'हवा स्वच्छ. ऊन होतं.'

हे सगळं योरूनने मुकाट्याने कॉम्प्युटरला भरवलं. कॉम्प्युटर शहरी वळणाचा, भोळा. त्याला 'थोडी' म्हणजे थोडीच वाटली. ओल्गाला वादळाने इजा होण्याची जोखीम, त्याने सांगितलं, कमी आहे.

याचा आनंद झाला तो सिस्सेलला. सिस्सेल ही कंपनीच्या स्टावांगर शहरातल्या ऑफिसची प्रमुख. बाई वाईट नव्हती, पण तिच्या डोक्यावर बसलेले लोक दर सोमवारी तिला विचारत असत की यंदा काय काय पुढे ढकलता येईल. ऑगस्टमध्ये मोठं जहाज आणून ओल्गाचा नैर्ऋत्येचा साखळदंड उपसून तपासायचं ठरलेलं होतं. असलं जहाज म्हणजे कंपनीच्या तिजोरीला भगदाड.

"योरून, तुझ्याच आकड्यांत जोखीम कमी येतेय," सिस्सेल फोनवर म्हणाली. "मग यंदा कशाला उपसायचा? पुढच्या उन्हाळ्यात बघू. विमेवाल्यांचा माणूस जूनमध्ये येतोय, त्याने हिवाळ्यासाठी 'कमी' म्हणून सही केली की मिटलं."

"मला ओल्गाचं लक्षण ठीक दिसत नाही."

"कशावरून?"

योरून काय सांगणार? माशाच्या वड्यांवरून?

सही झाली की पुढचा सबंध हिवाळा आर्विदची बोट ओल्गाच्या पायथ्याशी नाक घासत उभी राहणार होती, वर तो मनोरा, आणि त्याला धरून ठेवणारा साखळदंड कसा आहे हे कोणी बघितलेलं नाही. आकडे म्हणत होते काळजी नको. आणि घरी नवरा सासूची चौकशी करत होता.

त्याच आठवड्यात दुकानात, लोण्याच्या थंड कपाटापाशी, तिला लेदुल्फची बायको गुदवेग भेटली.

"अगं योरून, बरी भेटलीस. आमच्या लेदुल्फचं डोकं फिरलंय."

"का गं?"

"मंगळवारी घरी आला, बूटसुद्धा काढले नाहीत, तसाच भावाकडे गेला. होड्या ठेवायच्या छपरीवरून दोघांचं किती वर्षं वाकडं आहे तुला माहीतच आहे. हा जाऊन म्हणतो कसा, छपरी तू ठेव!"

"ठेव?"

"ठेव! भावाला वाटलं हा प्यालाय. त्याने तोंडाचा वास घेऊन बघितला. आणि येताना माझ्यासाठी ट्यूलिपची फुलं. मी दारातच विचारलं, कोण गेलं?"

"मंगळवारी म्हणजे," योरून हळूच म्हणाली, "ओल्गाकडून आले त्या दिवशी."

लोण्याच्या कपाटाचं दार उघडंच राहिल्यामुळे ते टूं टूं करायला लागलं.

घरी जाऊन योरूनने एन्द्रेच्या आईला, बोर्ग्नीला फोन लावला. हवापाण्याचं बोलून झाल्यावर सहज विचारल्यासारखं केलं, "एन्द्रे काय म्हणतो?"

"देवाची कृपा झाली गं!" बोर्ग्नीला भरून आलं. "मंगळवारी आपणहून दाढी केली आणि माझ्याबरोबर प्रार्थनाघरात आला. पहिल्या बाकावर बसला. गाणी म्हटली."

"म्हटली?"

"सगळी कडवी!"

मग योरूनने ठरवलं. बाकीच्या देशांत वादळ मोजायला उपग्रह असतात. तिच्यापाशी गुदवेग होती. गुदवेगला नवऱ्याची सगळी चांगली वागणूक तारीखवार तोंडपाठ होती, कारण पाठ करायला फारसं काही नव्हतंच. बोर्ग्नीच्या कॅलेंडरवर एन्द्रेची प्रार्थनाघरातली हजेरी लाल खुणेने नोंदलेली होती. आर्विदचं तर योरूनला सांगायला कोणी नकोच. गेल्या नोव्हेंबरात त्याने तिचा नवा कोट ओळखला होता, त्या दिवशी ती रडायचीच बाकी होती. तिघी जणी योरूनच्या स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसल्या आणि दोन हिवाळ्यांतले नवऱ्यांचे आणि मुलाचे गोडवे आठवून आठवून काढले.

"फेब्रुवारीत एकदा याने विचारलं होतं, तू दमलीस का," गुदवेग म्हणाली. "मी घाबरून थर्मामीटर आणलं."

"किती होता?"

"ताप नव्हता गं, तेच तर!"

तारखा तर जुळत होत्या. एकाच दिवशी तिन्ही घरांत प्रेमाला पूर यायचा आणि तो प्रत्येक वेळी ओल्गाकडून आल्यावरच. पण योरूनने हे दिवस बोयाच्या आकड्यांशी ताडून बघितले आणि ती कपाळाला हात लावून बसली. तिला वाटलं होतं, जितका वारा मोठा तितका नवरा गोड. तसं काही नव्हतं. जानेवारीतलं मोठं वादळ, ज्यात शाळेचं छप्पर फुटबॉलच्या मैदानावर जाऊन बसलं, त्या आठवड्यात तिन्ही घरांत शुद्ध नेहमीचा उर्मटपणा. साहजिक होतं म्हणा, तेव्हा बोट धक्क्यालाच होती. हे गोड दिवस मात्र सगळे नंतरचे. वादळ जाऊन दोन-तीन दिवस झालेले, वारा पडलेला, लाटांची उंची नियमात बसणारी, वर ऊन. एन्द्रेने लिहिलं होतं ते अक्षरशः खरं होतं.

म्हणजे भीती उशिरा पोहोचते का काय? टपालासारखी?

तिने सरळ घरातच विचारायचं ठरवलं. आर्विद कोळंबी सोलत बसला होता.

"आर्विद, खरं सांग. ओल्गा कितपत हलते?"

"थोडी."

"थोडी म्हणजे?"

"म्हणजे फार नाही असं नाही."

"तू घाबरलास का कधी तिथे?"

आर्विदने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने त्याला गावाच्या बँडबरोबर नाचायला बोलावलं होतं. "कोळंबी घे," तो म्हणाला. आणि विषय संपला.

जूनमध्ये लंडनहून विमेवाल्यांचा डेस्मंड ऑकली आला. उंच, पाठीत वाकलेला, भर उन्हाळ्यात दोन स्वेटर घातलेला माणूस. जगभरातल्या मोडलेल्या वस्तू बघून त्याचं पोट चालत असे आणि त्याचं मोडक्या वस्तूंवर मनापासून प्रेम होतं. तुटलेल्या पात्याचा फोटो तो लोक नातवंडांचा दाखवतात तसा दाखवायचा. सिस्सेल स्टावांगरहून आली. माडीवरच्या ऑफिसात टेबलावर वॉफल, तपकिरी चीज, जॅम, आणि पलीकडे भिंतीला टेकून आर्विद, लेदुल्फ आणि एन्द्रे, शाळेत गृहपाठ न करता आलेल्या मुलांसारखे.

"तर," ऑकली वॉफलला जॅम लावत म्हणाला, "तुमच्या नोंदींत लिहिलंय, थोडी हालचाल. थोडी म्हणजे किती?"

"थोडीच," आर्विद म्हणाला.

"तुम्हाला काय वाटतं?"

"आर्विद म्हणतो तसं," लेदुल्फ म्हणाला.

ऑकलीने आशेने एन्द्रेकडे पाहिलं.

"ऊन होतं," एन्द्रे म्हणाला.

"उत्तम!" सिस्सेल म्हणाली. "मग यंदा 'कमी'च."

ऑकलीने खिशातून पेन काढलं. योरूनने ते पेन बघितलं आणि ती बोलून गेली, "थांबा. मला काही सांगायचंय. हसू नका."

आणि तिने सगळं सांगितलं. वड्या, ट्यूलिप, छपरी, प्रार्थनाघर, कोट. सांगताना तिच्याच कानांना ते वेडगळ वाटत होतं, पण सुरू केलंच होतं तर ती शेवटपर्यंत गेली.

हसलं कोणी नाही. भिंतीपाशी मात्र दंगल उसळली.

"गुदवेगने सांगितलं हे?" लेदुल्फ लालबुंद झाला. "घरातलं? बाहेर?"

"छपरीचं तर सगळ्या गावाला माहीत आहे," योरून म्हणाली.

"माझ्या आईने पण?" एन्द्रेने तोंड हाताने झाकलं. "सगळी कडवी म्हटली ते पण?"

"तू आमच्या जेवणाचं बोललीस," आर्विद इतकंच म्हणाला. पण ते त्याने अशा आवाजात म्हटलं की योरूनला खाली बघावं लागलं.

"योरून," सिस्सेल हलकेच म्हणाली, "तुझी तब्येत बरी आहे ना?"

ऑकलीचं वॉफल मात्र हातातच राहिलं होतं. "तारखा," तो म्हणाला. "मला या प्रेमाच्या तारखा द्या."

त्याने बोयाचे आकडे उघडले. योरून त्याच्या खांद्यावरून बघू लागली.

"तुम्ही काय काय ताडून बघितलंत?"

"वारा. आणि लाटेची उंची. बोट सोडायचा नियमच त्यावर आहे."

"आणि एक लाट गेल्यावर दुसरी किती वेळाने येते, ते?"

ते योरूनने बघितलंच नव्हतं. मग खुर्ची ओढून ती त्याच्या शेजारीच बसली. पडद्यावर एकेक तारीख निघत गेली. प्रत्येक गोड दिवशी तेच: लाटा बुटक्या, पण लांब. एक येऊन गेली की पुढची सावकाश, अगदी सावकाश येणार. दूर अटलांटिकमध्ये जन्मलेल्या, वादळाच्या मागे उरलेल्या, गुळगुळीत पाठीच्या लाटा. किनाऱ्यावरून बघितलं तर समुद्र झोपलाय असंच वाटावं.

"अरे देवा," योरून म्हणाली. "पाळणा!"

"कसला पाळणा?" सिस्सेलने विचारलं.

"पाळण्याला जोर लावावा लागत नाही, वेळेवर बोट लावलं की झालं. ओल्गाची डोलायची स्वतःची एक चाल आहे, संथ. वादळातल्या लाटा घाईघाईच्या असतात, त्या तिला नुसत्या बडवून जातात. या लांब लाटा तिच्या चालीच्या जवळ येतात, आणि दर वेळी थोडं थोडं ढकलतात." ती आता उठून येरझाऱ्या घालू लागली. "वर चक्की फिरत असली तर पात्यांवरचा वारा तिला जरा दाबून धरतो. पण आपण माणसं चढवायची म्हणून चक्की थांबवतो! म्हणजे वादळाच्या डोक्याला आपण घाबरून घरी बसतो, आणि त्याच्या शेपटीवर बोट घेऊन जातो, ओल्गाला मोकळी सोडून! हे मला दिसायला हवं होतं."

"मलाही," ऑकली आनंदाने म्हणाला. असं काही मोडण्याच्या बेतात असलं की त्याच्या गालांवर लाली येत असे.

"एक मिनिट," सिस्सेल म्हणाली. ती हिशेबी होती, आणि प्रश्न रास्त होता. "डोलू शकते हे कळलं. डोलली, हे कशावरून? यंत्रं बंद आहेत. नोंदीत 'थोडी' आहे. मी वरच्यांना काय दाखवू? ट्यूलिप?"

ऑकलीने खांदे पाडले. "यांचं बरोबर आहे. मला लिहायला आवडलं असतं, पण माझे साहेब ट्यूलिप मानणार नाहीत. प्रत्यक्ष बघणाऱ्या माणसाने सांगायला हवं. तोंडाने." आणि तो भिंतीकडे वळला. "काय होतं तिथे?"

लेदुल्फ छताकडे बघू लागला. एन्द्रेने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. आर्विद खिडकीबाहेर एका समुद्रपक्ष्याला बघत होता, आणि पक्षीसुद्धा इथलाच असल्यामुळे काही बोलत नव्हता.

योरूनला समजलं की हे बोलणार नाहीत. पुरुष वाईट नव्हते, त्यांना बोलायचंही असेल, पण बाप-आजोबा कोणी कधी न उघडलेलं दार एकदम कसं उघडणार? ऑकलीने पेनाचं टोपण काढलं.

"मला भीती वाटते," योरून म्हणाली.

या माडीवर हे वाक्य कधी कोणी बोललं नव्हतं. खाली मासळीचं गोदाम होतं तेव्हासुद्धा नाही.

"माझं कामच आहे काळजी करायचं, ते नाही मी म्हणत," ती आर्विदकडे वळून म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला आणि तिने तो तसाच राहू दिला. "मला भीती वाटते. तू ओल्गाकडे निघालास की मी ऑफिसात बसून आकडे बघते आणि एकही आकडा मला दिसत नाही. तू परत येतोस, गोड बोलतोस, आणि मला आणखी भीती वाटते. मला तू या हिवाळ्यात तिच्याखाली नको आहेस. साखळदंड बघितल्याशिवाय नको. बस."

सगळ्यांनी नजरा इतस्ततः नेऊन ठेवल्या, जिथे कोणाचा चेहरा नव्हता तिथे. सिस्सेलने कारण नसताना जॅमचं झाकण लावलं.

मग आर्विद खिडकीपासून वळला.

"ती गेली," तो म्हणाला.

"कुठे?" ऑकलीने विचारलं.

"बाजूला. आणि परत येईना." आर्विदने एक हात उभा धरला आणि हळूच कलता केला. "मी बोटीचं नाक शिडीला लावून धरलं होतं. लेदुल्फ शिडीवर. मी वर बघितलं तर आभाळ असायला हवं तिथे ओल्गा होती. तशीच राहिली. विचार करत असल्यासारखी. मग परत आली, आणि दुसऱ्या बाजूला तितकीच गेली. तेव्हा खालून आवाज आला."

"कसला?"

"दार आपटल्यासारखा. समुद्राला दार नसतं."

"साखळदंड आधी सैल पडतो, मग एकदम ताठ होतो," लेदुल्फ छताकडे बघतच म्हणाला. "शिडी अशी थरथरली की माझे दात वाजले. मला तेव्हा छपरी आठवली. कशाला भांडतोय म्हटलं, एका छपरीसाठी."

"मी बोटीत होतो," एन्द्रे नाडीला म्हणाला. "मी तिथेच सुरू केलं होतं, गाणं. आईबरोबर नंतर म्हटलं ते उरलेलं."

"असा आवाज किती वेळा आला?" ऑकली भराभर लिहीत होता.

"मोजलं नाही," आर्विद म्हणाला. "मी घाबरलो होतो."

ऑकलीने ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारायला मान वर केली. परका माणूस, त्याला काय कळणार आपण काय ऐकलं ते. लेदुल्फ मात्र भिंतीपासून अर्धं पाऊल सरकून आर्विदच्या जवळ उभा राहिला. योरूनला कपाटातून कप काढायचं काम अचानक आठवलं, आणि ते करताना तिने खोलीकडे बराच वेळ पाठ ठेवली.

पुढचं सगळं भरभर झालं. ऑकलीने 'कमी' खोडून 'जास्त' लिहिलं, आणि खाली दोन पानं कारणं. सिस्सेलने ती उभ्यानेच वाचली, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "ऑगस्टमध्ये उपसायचा. तोवर ओल्गाकडे कोणी जायचं नाही. आणि बोट सोडायच्या नियमात लाटांमधला वेळ घाला. योरून, तो किती असावा ते तू ठरव." मग दारापाशी थबकून तिने आर्विदला विचारलं, "हे आधी का लिहिलं नाहीस?"

"जागा होती कुठे," आर्विद म्हणाला.

घरी जाताना गाडी आर्विदच चालवत होता. पुलावर आल्यावर तो म्हणाला, "सगळ्यांसमोर बोललीस."

"घरी विचारलं होतं. कोळंबी दिलीस."

आर्विदने यावर विचार केला. पूल संपेपर्यंत. "हं," तो म्हणाला. त्यात माफीही होती, रागही होता, आणि योरूनला दोन्ही चालणार होतं.

ऑगस्टमध्ये मोठं जहाज आलं. समुद्र इतका सपाट होता की ढग त्यात आपले केस विंचरत होते, आणि तरीही योरूनला बोट लागली, हे इथे नमूद करायला हरकत नाही. तिचा सगळा जन्म वादळांच्या हिशेबात गेला, पण समुद्रावर ती सहसा जात नसे. हातात बादली घेऊन ती डेकवर उभी राहिली आणि साखळदंड वर येताना बघू लागली. आधी आला तो भाग चांगला होता, शिंपल्यांनी आणि शेवाळाने मढलेला, वऱ्हाडात निघाल्यासारखा. लेदुल्फ पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढत होता. मग तो भाग आला जो समुद्राच्या तळाला घासत वर-खाली होतो. त्याच्यावर शिंपला नव्हता, शेवाळ नव्हतं. लख्ख घासलेला.

"थांबवा," लेदुल्फ ओरडला.

यंत्र थांबलं. एक कडी डेकच्या कडेला येऊन टेकली होती. मांडीएवढं जाड असावं असं ते लोखंड. आतल्या बाजूने, जिथे शेजारची कडी दर हेलकाव्याला तिच्यावर घासली होती, तिथे ते योरूनच्या मनगटाएवढं राहिलं होतं. तिने बादली खाली ठेवली आणि मनगट शेजारी धरून बघितलं. एन्द्रेने टोपी काढली.

शेजारी लावलेल्या बोटीवरून आर्विद चढून आला. कडीपाशी उकिडवा बसला. अंगठा त्या बारीक जागेवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. या हिवाळ्यात ही तुटली असती हे कळायला कोणा इंजिनियरची गरज नव्हती, आणि इंजिनियर तिथे होती ती तोंडावर हात ठेवून उभी होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सिस्सेल होती. "निघाला का वर? कसा आहे?"

योरूनने फोन आर्विदकडे दिला.

"वाईट," आर्विद म्हणाला.

सिस्सेल स्टावांगरची असली तरी किनाऱ्याचीच मुलगी होती, हा शब्द कार्मोयचा माणूस उगाच वापरत नाही हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "वाईट म्हणजे?"

"म्हणजे भयंकर," आर्विद म्हणाला. "बघून पाय लटपटतायत. नवा साखळदंड पाठव, आणि बाकीच्या आत्यांचेही उपसून बघ."

त्याने फोन योरूनला परत दिला, उठला, आणि जुनी कडी कापायला गॅसकटर आणायला निघून गेला.